संगणकाचा आवाज आणि आपले कान



युनियनचा कार्यकर्ता व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस नाहीतर महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आमचा आजचा विषय वरवर पाहता त्याहून फार लहान आहे. संगणकातले साउंड कार्ड नीट कसे लावावे आणि हेडफोनमधून स्वच्छ आवाज कसा ऐकावा, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. परंतु या लहान विषयाशी माणसाचे कान बांधलेले आहेत. ज्यांना दिवसभर कानाला हेडफोन लावूनच भाकरी मिळवावी लागते, अशा कामगारांची संख्या आज मोठी आहे. कॉल सेंटरमध्ये गिऱ्हाइकाशी बोलणारी मुलगी, ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करणारा पोरगा, घरी बसून शिकवणी घेणारा शिक्षक, हे सारे त्यांत आले.

आम्ही या विषयाकडे वळलो ते आमच्या कचेरीतल्या कामामुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपातून गेलेल्या वृद्ध कामगारांच्या जबान्या आम्ही मुद्रित करून ठेवतो आणि मागाहून ऐकून कागदावर उतरवतो. उभा जन्म साचेखात्यात काढलेली ही माणसे. धोट्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, म्हणून ती मोठ्याने बोलतात. पण पुष्कळांचे दात गेल्यामुळे शब्द मात्र अस्पष्ट येतात. असा शब्द ऐकावयाचा आणि त्याखाली संगणकाची गुणगुण चालू, म्हणजे ऐकणाऱ्याचा हात आपोआप आवाज वाढविण्याकडे जातो. गुणगुण झाकण्यासाठी आवाज वाढवावयाचा आणि संध्याकाळी कानात शिट्टी वाजत घरी जावयाचे! ज्यांचे कान गिरणीने नेले त्यांची कहाणी लिहिताना लिहिणाऱ्याचेही कान जावेत, हा उलटा न्याय झाला. सबब स्वच्छ आवाज ही चैन नव्हे. आवाज स्वच्छ असला की तो हळू ठेवता येतो, आणि हळू ठेवला की कान टिकतो. आमच्या साऱ्या सांगण्याचा गाभा हाच आहे.

आकड्यांचा आवाज होतो कसा?

आम्ही शाळा नववीत सोडली. पुढचे जे काही शिकलो ते पुस्तकांतून आणि जाणत्या कारागिरांच्या शेजारी बसून. म्हणून सोप्या भाषेतच सांगतो.

आवाज म्हणजे हवेची थरथर. संगणकाला हवा कळत नाही, आकडे कळतात. तेव्हा त्या थरथरीची उंची ठरावीक वेळाने मोजून तिचे आकडे लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा अशी मोजणी केलेली असते. एवढी कशासाठी? जितक्या वेगाची थरथर पकडावयाची, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी हवी, असा नियम आहे. नायक्विस्टने १९२८ साली त्याचा पाया घातला आणि शॅननने १९४९ साली तो नीट मांडला. निरोगी तरुण कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, तेव्हा ४४,१०० पुरतात.

दुसरी गोष्ट मापाच्या बारकाईची. १६ बिट म्हणजे पट्टीवर ६५,५३६ खुणा. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजांत ९६ डेसिबलांचे अंतर मावते. २४ बिटांत कागदावर १४४ मावते, जरी प्रत्यक्षातले कोणतेही यंत्र तितके शांत नसते.

साउंड कार्डाचे काम या आकड्यांची पुन्हा विद्युत्‌लहर करणे आणि ती लहर हेडफोन हलविण्याइतकी सबळ करणे, हे होय. १९८१ च्या आय.बी.एम. संगणकात नुसती पीं पीं करणारी भोंगळी होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर नावाचे कार्ड काढले, आणि वेगळे कार्ड बसविण्याची रीत घरोघर गेली. पुढे हे काम मुख्य पाटीवरच्या एका लहान चिपेवर आले. आज बहुतेकांच्या संगणकात अशीच चिप आहे. ती वाईट नसते. वाईट असतो तिचा शेजार. तिच्या आसपास वीजपुरवठ्याचा डबा, पंखे आणि चित्रांचे कार्ड सेकंदाला लाखो वेळा वीज उघडझाप करीत असतात. भर बाजारात बसून पोथी वाचावी, तशी तिची स्थिती असते.

आधी रोग ओळखावा

साचा बिघडला तर जाणता जॉबर सगळे सुटे करीत बसत नाही. तो आधी कान देऊन ऐकतो. येथेही तसेच करावे. काही न वाजविता, नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर हेडफोन लावून एक मिनिट नुसते ऐकावे.

एकसारखी बारीक सळसळ येत असेल, तर ती अँप्लिफायरची किंवा उघड्या राहिलेल्या माइकची. माऊस हलविला, पान सरकविले की किरकिर वाढत असेल, तर ती आतल्या शेजाराची. खालच्या पट्टीतली एकसुरी गुणगुण असेल, तर ती घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची. तेथे अर्थिंग तपासावे. शांततेत काही नाही, पण आवाज चढला की तो फाटतो, असे असेल तर आकडे पट्टीबाहेर गेले आहेत. आणि मधूनमधून टक्‌ टक्‌ होऊन आवाज तुटत असेल, तर संगणकाला आकडे वेळेवर पोहोचविता येत नाहीत; कामाचा बोजा कमी करावा किंवा आवाजाच्या साठ्याची जागा, जिला बफर म्हणतात, ती वाढवावी.

या पाच दुखण्यांची औषधे वेगवेगळी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर खर्च होतो आणि गुण येत नाही. सळसळीसाठी महाग हेडफोन घेणारा माणूस फसतो, कारण अधिक संवेदनशील हेडफोन तीच सळसळ अधिक स्पष्ट ऐकवितो.

पैसे न लागणारे उपाय

पहिला उपाय भोकाचा. संगणकाच्या पेटीच्या पुढच्या बाजूला हेडफोनचे जे भोक असते, त्याची तार पेटीच्या आतून, साऱ्या गोंगाटातून हातभर प्रवास करून येते. पुष्कळ पेट्यांत या तारेला चांगले वेष्टण नसते. हेडफोन मागच्या बाजूच्या हिरव्या भोकात लावून पाहावा. पुष्कळदा किरकिर तेथेच संपते.

दुसरा उपाय नको त्या वाटा बंद करण्याचा. आवाजाच्या नियंत्रणात माइक, लाइन-इन अशा कित्येक वाटा असतात. माइकचा आवाज हेडफोनमध्ये परत ऐकविण्याची सोयही असते. जी वाट वापरात नाही ती मूक करावी. माइकचा बूस्ट ३० डेसिबलांवर चढलेला आढळला तर तो उतरवावा. लिनक्सवर ‘अल्सामिक्सर’ हा साधा कार्यक्रम उघडला की या साऱ्या वाटा उभ्या खांबांसारख्या समोर दिसतात. एफ ६ दाबून कार्ड निवडावे, बाणांनी खांबावर जावे आणि एम दाबून तो मूक करावा. विंडोजवर हेच काम ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन करावे लागते.

तिसरा उपाय ‘सुधारणा’ काढून टाकण्याचा. कार्ड विकणारे बास वाढविणे, सभागृहाचा घुमारा आणणे, आवाज चोहोबाजूंनी फिरविणे अशा नाना युक्त्या सोबत देतात, आणि काही संगणकांत त्या आरंभापासूनच चालू असतात. स्वच्छ ऐकावयाचे असेल तर त्या सर्व बंद कराव्यात. विंडोज ११ मध्ये आपल्या हेडफोनच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्‌स’ नावाची जागा आहे, ती बंद ठेवावी. ‘स्पेशियल साउंड’ही बंद ठेवावा. मसाला चांगला असतो, पण धान्य कसे आहे हे पाहावयाचे तर आधी बिनमसाल्याचे शिजवून पाहावे.

चौथा उपाय मोजणीच्या वेगाचा. मुद्रण ४४,१०० चे आणि कार्ड ४८,००० वर चालविलेले, असे असले म्हणजे संगणकाला दर १४७ आकड्यांचे १६० आकडे करून द्यावे लागतात. १९९७ साली ठरलेल्या एसी ९७ या पद्धतीच्या कित्येक चिपा ४८,००० वरच चालत, आणि हे रूपांतर त्या काळी घाईघाईने उरकले जाई. त्यामुळे वरच्या सुरांत खरखरीतपणा येई. आजच्या संगणकांत ते बऱ्यापैकी होते. तथापि, बहुतेक ऐकणे संगीताच्या डिस्कवरचे असेल तर ४४,१०० आणि चित्रफितींचे असेल तर ४८,००० निवडावे, म्हणजे रूपांतराची गरजच पडत नाही. लिनक्सवर पाइपवायर नावाची व्यवस्था असेल, तर तिला दोन्ही वेगांची परवानगी देता येते. मग ती जसा माल तसा वेग ठेवते. १,९२,००० हा सर्वांत मोठा आकडा दिसतो म्हणून तो निवडण्यात शहाणपण नाही. शेरभर दूध दहा शेरांच्या भांड्यात ओतले तरी ते शेरभरच राहते.

बिटांची निवड मात्र २४ ठेवावी. संगणकात आवाज कमी करणे म्हणजे आकडे लहान करणे. २४ डेसिबलांनी आवाज उतरविला तर चार बिट खर्ची पडतात. १६ पैकी चार गेले तर नुकसान कानाला जाणवण्याजोगे होते. २४ पैकी चार गेले तरी २० उरतात, आणि जे गेले ते यंत्राच्या स्वतःच्या सळसळीखाली आधीच बुडालेले असते.

आवाजाची उतरंड

आता फाटणाऱ्या आवाजाकडे वळू. १६ बिटांच्या पट्टीवर वर ३२,७६७ आणि खाली उणे ३२,७६८ याच्यापुढे खूण नाही. मुद्रणातली लाट या टोकाला टेकलेली आहे आणि आपण इक्वलायझरने कोणतीही पट्टी ६ डेसिबलांनी चढविली, तर त्या पट्टीतली लाट दुप्पट उंच व्हावी लागते. जागा नसल्यामुळे तिचे डोके छाटले जाते, आणि छाटलेली लाट कानाला फाटलेली लागते. म्हणून इक्वलायझर वापरावयाचाच तर वाढविण्यापेक्षा कमी करावे. अस्पष्ट बोलणे उठावदार हवे असेल तर खालचे घुमणारे सूर उतरवावेत. वाढविणे टळत नसेल, तर जितके वाढविले तितकेच आरंभीच्या पातळीतून वजा करावे: ६ वाढविले, तर आधी ६ उतरवावे.

आवाजाच्या कळा एकामागून एक असतात: वाजविणाऱ्या कार्यक्रमाची, संगणकाची, कार्डाची आणि बाहेरचा अँप्लिफायर असेल तर त्याची. नियम असा की, आधीच्या कळा शून्य डेसिबलच्या खुणेपर्यंत, म्हणजे न वाढविता न छाटता, भरून ठेवाव्यात आणि शेवटच्या कळीने आवाज कमी-अधिक करावा. उलट केले, म्हणजे आधी चिमटीभर आवाज देऊन शेवटी तो वाढविला, तर मधली सारी सळसळही त्याच्याबरोबर वाढते. नळाचे पाणी वरच्या टाकीत भरून घ्यावे आणि तोटी आपल्या हाताशी ठेवावी, तसे हे आहे. शेवटच्या कळीला मात्र हळूच हात लावावा. हेडफोन कानाला लावण्यापूर्वी ती नेहमी खाली आणावी.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच माइकवर घेतलेली जबानी पुष्कळदा एकाच कानात येते. अशा वेळी दोन्ही कानांत सारखा आवाज देणारी मोनोची सोय चालू करावी. विंडोजमध्ये ती आहे. एका कानाने तासन्‌तास ऐकणारा माणूस लवकर शिणतो, आणि शिणलेला माणूस आवाज वाढवितो.

बिनतारी हेडफोनबद्दलही सांगतो. ब्लूटूथवर गाणे ऐकताना आवाज बरा असतो. पण त्याचाच माइक चालू केला की बहुतेक हेडफोन टेलिफोनच्या पद्धतीवर उतरतात आणि आवाज बोथट, अरुंद होतो. बोलणे आणि ऐकणे दोन्ही ज्यांचे काम आहे, त्यांनी तारेचाच हेडफोन मागावा.

थोडे पैसे लागणारे उपाय

एवढे करूनही किरकिर राहिली तर चिपेचा शेजार बदलावा, म्हणजे यू.एस.बी.ला लागणारे लहानसे बाहेरचे साउंड कार्ड घ्यावे. आकडे तारेतून बाहेर जातात आणि आवाज पेटीबाहेर, त्या गोंगाटापासून दूर तयार होतो. ते उंची असलेच पाहिजे असे नाही. साधेसुधेही आतल्या गोंगाटातून सोडविते.

हेडफोन आणि कार्ड यांची सोयरीक मात्र पाहावी. हेडफोनचा अवरोध ओहममध्ये सांगतात. साधा हेडफोन ३२ ओहमांचा असतो, तर स्टुडिओतले काही ३०० ओहमांचे असतात. कार्डाच्या तोंडाशीही स्वतःचा अवरोध असतो. तो हेडफोनच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा कारागिरांचा नियम आहे. ३२ ओहमांच्या हेडफोनला ४ ओहमांपर्यंतचे कार्ड हवे. याचे कारण असे की, हेडफोनचा अवरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. कार्डाचा अवरोध मोठा असेल, तर जेथे हेडफोनचा अवरोध अधिक तेथे त्याच्या वाट्याला वीज अधिक येते आणि जेथे कमी तेथे कमी येते. परिणामी आवाजाचा तोल बिघडतो, बहुधा खालचे सूर सुजल्यासारखे लागतात. जुन्या कार्डांच्या लाइन-आउट भोकांचा अवरोध पुष्कळदा जास्त असे, कारण ती भोके हेडफोनसाठी नव्हे, अँप्लिफायरसाठी केलेली होती. उलट, ३०० ओहमांचा हेडफोन दुबळ्या कार्डाला लावला तर तोल बिघडत नाही, पण आवाजच पुरेसा उठत नाही.

आता गुणगुणीविषयी. नुसता हेडफोन संगणकाला लावला असेल तर अर्थिंगचा फेर पुरा होत नाही. बाहेरचा अँप्लिफायर जोडला आणि त्याला वेगळ्या बोर्डावरून वीज दिली, की दोन्हींचे अर्थिंग आणि मधली तार मिळून एक कडे तयार होते व त्यातून ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत. तरीही राहिली तर आवाजाच्या तारेत विलग करणारा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. काही लोक प्लगची तिसरी, अर्थची पिन मोडून गुणगुण घालवितात. बंधूंनो, हे कदापि करू नये. ती पिन २३० व्होल्टांपासून आपला जीव राखते. जुन्या चाळींत भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला मागे तारच जोडलेली नसते. संगणकाच्या पेटीला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर आधी वायरमनला बोलवावे, हेडफोनचे मागाहून पाहू.

कानांचा हिशेब

यंत्राचे झाले, आता माणसाचे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या माराने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मार पहिल्यांदा बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. गंमत अशी की, माणसाला आधी आवाज कमी ऐकू येत नाही. शब्द कमी ऐकू येतात. स, श, त, थ ही व्यंजने वरच्या सुरांत राहतात. ‘सात’ की ‘साठ’, हा घोटाळा होऊ लागतो. जो माणूस ऐकून लिहितो त्याच्या पोटावरच हा पाय.

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण असे आहे: मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलांना आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०; आणि ९० ला आठवड्याला अवघे ४ तास. आता कामगाराचा हिशेब करा. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. ४८ तास कानाला हेडफोन म्हणजे ८० डेसिबललाही प्रमाण ओलांडले! तीन डेसिबलांची गुणगुण झाकण्यासाठी जी कळ आपण बोटाने सहज पुढे सरकवितो, तिने कानाचा निम्मा आठवडा खाऊन टाकलेला असतो.

मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर एक साधी कसोटी आहे. उघड्या धाटणीचा हेडफोन लावून ऐकत असता हातभर अंतरावरचा सोबती साध्या आवाजात बोलला, तर त्याचे बोलणे कळले पाहिजे. कळत नसेल तर आवाज जास्त आहे. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो दिवस जास्त झाला.

आवाजाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत आले. पण साचेखात्यातल्या कामगाराला ते नाव मिळाले तेव्हा पुष्कळांचे कान जाऊन चुकले होते. हेडफोन लावून बसणाऱ्यांच्या बाबतीत तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांच्या खोलीत खडखडाट नसतो, म्हणून मालकाला वाटते की तेथे आवाजच नाही. आवाज प्रत्येकाच्या कानात वेगवेगळा कोंडलेला असतो, एवढाच फरक.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. जे आपल्या हातचे आहे, म्हणजे भोक, वाटा, कळा आणि वेग, ते आजच संध्याकाळी घरी जाऊन नीट लावावे. त्याला पैसाही लागत नाही. आणि जे मालकाच्या हातचे आहे ते मागावे: गुणगुण नसलेले साउंड कार्ड, कामाला साजेसा तारेचा हेडफोन, आवाजाला वरची मर्यादा, तासातासाला कानांना विसावा आणि वर्षाकाठी कानांची तपासणी. या मागण्यांना फार खर्च येत नाही. बहिऱ्या झालेल्या माणसाला मात्र कोणतीही पगारवाढ पुन्हा ऐकू आणून देत नाही.